पांढरा फेस

१

दात कसे घासायचे हे रागिणीला कुणी शिकवायची गरज नव्हती. अकोल्यात एका डॉक्टरीणबाईंच्या दातांच्या दवाखान्यात तिनं लग्नाआधीची काही वर्षं काढली होती. "आ करा", "चूळ भरा", "थुंका" एवढ्या तीन वाक्यांवर आपला पगार चालतो, असं ती घरी म्हणायची. घरातली सगळ्यात कमी बोलणारी मुलगी दिवसभर लोकांची तोंडं उघडत बसते, याचं तिच्या आईला फार हसू यायचं.

खर्रा, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेलं मिश्रण, खाणारा पेशंट आला की बाई त्याला स्वतःचीच तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला लावत. तिन्ही गेली तर ठीक. दोनच गेली तर बाई चष्मा काढून टेबलावर ठेवत. एकच गेलं तर सोबत कोण आलंय ते विचारत.

त्यामुळं विपुल तिला पाहायला आला तेव्हा तिनं खाली मान घालून आधी त्याचे दातच पाहिले. पांढरेशुभ्र, हिरड्या गुलाबी, कुठं डाग नाही. मध्यस्थी करणाऱ्या पुंजाजींनी आधीच कानावर घातलं होतं, की पोरगा थोडा खर्रा खातो. रागिणीचे वडील हसले. "खात असता तं दात असे राह्यले असते काय? रागिणी, तूच सांग, तुले दाताची पारख हाय." रागिणीनं होकार दिला. नवरा तिनं स्वतः पास केला, तोही दात बघून. पुढं ही गोष्ट तिला फार वेळा आठवायची होती.

लग्नात विडा तोडायचा कार्यक्रम झाला. विपुलनं दातांत विडा धरला, तिनं अर्धा तोडला. पान कडू होतं. ती थुंकायला बाजूला वळली, तेवढ्यात सासूबाईंचा तळवा तिच्या तोंडावर आला. घट्ट.

"थुंकू नको," सुभद्राबाई तोंडावर पदर धरून पुटपुटल्या. "गिळ."

सगळे हसले. रागिणीनं गिळलं. विपुलनं मात्र आपला अर्धा चघळून मांडवाच्या बाहेर थुंकून दिला.

२

सासर अमरावतीच्या पुढं, चांदूर बाजारच्या रस्त्याला. संत्र्याचा बगिचा, स्लॅबचं घर, मागच्या अंगणात नळ आणि नळावर भिंतीत बसवलेला आरसा. सकाळी सगळ्यांची तोंडं तिथंच धुतली जायची. आधी पुरुषांची.

सासरे वामनराव डोळे उघडले की खर्रा दाबायचे आणि रात्री डोळे मिटताना थुंकायचे. विपुलचं कृषी केंद्र होतं, त्याच्या शेजारीच पानठेला. दोघांच्या खिशात खर्ऱ्याच्या प्लास्टिकच्या पन्न्या खुळखुळत. पण सकाळी नळावर वामनराव नुसतं बोट फिरवून चूळ टाकायचे आणि आरशात दात काढून बघायचे. सत्तरीला आलेल्या माणसाचे दात दुधासारखे.

"आमच्या घरान्याचे दातच असे, सूनबाई," ते म्हणायचे. "सुपारी नाई, गोटे फोडा म्हना."

"हो, मामाजी," ती म्हणायची.

सुभद्राबाई सगळ्यांच्या मागून यायच्या, भिंतीकडं तोंड करून चूळ भरायच्या. त्यांनी आयुष्यात सुपारीचं खांड तोंडात टाकलं नव्हतं, असं आळीतल्या बायकाही सांगत. तरी त्यांच्या तोंडावरचा पदर कधी हटला नाही. जेवायलाही त्या वेगळ्या बसत. वरणात भात इतका कुस्करत की तो खाण्यापेक्षा पिण्याच्या लायकीचा होई.

रागिणी मात्र नियमानं दोन वेळा घासायची. हिरडीकडून खाली, खालून वर, मागच्या दाढा, मग जीभ. लग्नाला महिना झाला असेल. एका सकाळी तिनं फेस थुंकला आणि तो तांबूस होता.

हिरडी सोलली असेल, तिनं मनाशी म्हटलं. तिनं ब्रश धुतला. ब्रशच्या केसांत काहीतरी अडकलं होतं. तिनं नखानं काढलं, नळाखाली धरलं.

सुपारीचा कण होता. भिजलेला, चावून मऊ झालेला.

३

विपुलनं चुकून आपला ब्रश घेतला असेल. तिनं नवा ब्रश आणला आणि कपाटात साड्यांच्या खाली लपवला. ब्रश कपाटात लपवणारी ही गावातली पहिलीच सून असणार, या विचारानं तिला जरा गंमतही वाटली.

चार दिवसांनी फेस तपकिरी आला.

मग वास सुरू झाला. चुना, तंबाखू आणि ओली सुपारी. दवाखान्यात हा वास समोरच्या खुर्चीतून यायचा. आता ती तोंडाला हात लावून श्वास सोडायची तेव्हा तिच्याच तळव्यातून यायचा. खालच्या दातांच्या मागं काळी रेघ धरली. ती घासायची, घासून घासून हिरड्या हुळहुळायच्या, आणि दुपारी, साधारण विपुल दुकानातून ठेल्यावर जात असेल तेव्हा, तिच्या उजव्या गालाच्या आत अचानक आग व्हायची. तिखट न खाता तिखट लागायचं.

ती गृहिणीसारखा विचार करत होती. पाण्यात क्षार असतील. लोखंडाच्या गोळ्यांनी दात काळे होतात, तसं काही असेल. तिनं पाणी उकळून प्यायला सुरुवात केली.

"तुमच्या कोणत्या गालात असतो खर्रा?" तिनं एकदा सहज विचारलं.

"उजव्या," विपुल म्हणाला. "काहून?"

"काही नाही. सवय पाहून राहिले."

तो हसला. स्वभावानं खरंच बरा होता तो. कधी आवाज चढवला नाही, कधी ताटावरून उठला नाही. हसला की पांढरे दात अगदी मागच्या दाढेपर्यंत दिसायचे.

४

पावसाळा सरता सरता एका दुपारी सासू-सुना दोघीच स्वयंपाकघरात होत्या. रागिणीनं भाकरीचा तुकडा तोंडात घातला आणि तो जाईना. तुकडा मोठा नव्हता. तिनं मोडून निम्मा केला.

सुभद्राबाई बघत होत्या. त्यांनी हात पुसले, जवळ आल्या आणि आपली बोटं रागिणीच्या ओठांशी उभी धरली. दवाखान्यात बाई धरायला लावत, अगदी तशी. तीन लावली, एक मिटलं, दोन आत गेली.

"दोन जातेत अजून," त्या पदराआडून म्हणाल्या. त्यांचं बोलणं दातांतून गाळून आल्यासारखं यायचं. "लवकर चाललं तुयं. विपुल लय खाते."

रागिणीनं त्यांचा हात धरला. "आत्याबाई, तुमचं?"

सुभद्राबाईंनी पदर खाली घेतला. लग्नानंतर पहिल्यांदाच. त्यांनी तोंड उघडलं, म्हणजे उघडायचा प्रयत्न केला, कारण गालाच्या शिरा ताणल्या गेल्या. ओठांच्या फटीतून आत जे दिसलं ते दात होते असं म्हणता येत नव्हतं. शेतातल्या जळक्या पऱ्हाटीच्या खुंटांसारखं काहीतरी काळं ओळीनं उभं होतं. आतली कातडी पांढरी, ताठ, दोरी वळल्यासारखी.

"आपल्या तोंडात कुणाचं..." रागिणीनं विचारलं.

"इड्याच्या टायमाले माह्या सासूनं मायं तोंड दाबलं व्हतं. म्या तुयं दाबलं," सुभद्राबाई म्हणाल्या. पदर परत वर गेला. "आता बोलू नको. दाय उतू जाईन."

डाळ खरंच उतू चालली होती.

५

रागिणी माहेरी अकोल्याला गेली. पहिल्या सकाळी आईच्या मोरीपाशी दात घासले तर फेस पांढरा आला. ती त्या फेसाकडं बघत कितीतरी वेळ उभी राहिली. बघ, पाणीच होतं. उगाच आपण म्हाताऱ्या बाईचं बोलणं मनावर घेतलं.

विपुलचा फोन आला. "पोचली काय? आताच दुकान उघडलं. ठेल्यावर उभा हाय." मागून पन्नीवर खर्रा घोटल्याचा आवाज येत होता, चर्र चर्र, चर्र चर्र. मग त्याचा आवाज जड झाला, गाल भरलेल्या माणसाचा होतो तसा. "आईले सांग, दिवाळीले येतो मी."

रागिणीच्या तोंडात चुना चरचरला. तिनं फोन हातात धरूनच मोरीत थुंकलं. लाल.

आईनं ते पाहिलं.

"हे काय व, रागिणी?"

"मी काही खाल्लं नाही, आई."

"मंग हे काय कुंकू हाय?" आईनं तिची हनुवटी धरून उजेडाकडं फिरवली, वास घेतला आणि हात असा सोडला की जणू चटका बसला. "लग्नाले वरीस नाई झालं आन् हे धंदे? लोक म्हनतीन, दवाखान्यात शिकली पोट्टी. तुह्या बापाले सांगू नको, मरून जाईन तो."

दवाखान्यात बाईंनी तिला खुर्चीत बसवलं. जिथं ती उभी असायची तिथं आता दुसरी मुलगी उभी होती. "आ करा," ती मुलगी म्हणाली. रागिणीनं केलं. बाईंनी आरसा आत फिरवला, बोटं लावायला सांगितलं. दोन, तीही रुतत. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"कधीपासून खातेस?"

"मी खात नाही, बाई. माझे मिस्टर खातात."

"त्यांना घेऊन ये मग. त्यांचंही बघू."

"त्यांना काही झालेलं नाही. त्यांचे दात अगदी..."

बाई तिच्याकडं बघत राहिल्या. अशा नजरेनं त्या रोज किती जणांकडं बघतात हे रागिणीला माहीत होतं, कारण त्या नजरेच्या मागं उभं राहून तिनंही तसंच पाहिलं होतं. सगळेच म्हणायचे, मी खात नाही. कुणावरच विश्वास ठेवायचा नसतो, हे तिथंच शिकवलं जायचं.

"रागिणी, सोडलं नाहीस तर पुढं काय होतं ते तुला मी सांगायला नको," बाई म्हणाल्या. "चूळ भर."

तिनं चूळ भरली. शेजारची मुलगी म्हणाली, "थुंका."

६

परत आल्यावर तिनं विपुलला सरळ सांगितलं. खर्रा सोडा. माझ्यासाठी.

"माया दाताले काही झालं काय?" त्यानं दात दाखवले. "उगाच कोनाच्या नादी लागून..."

"माझ्या दातांना झालंय." तिनं तोंड उघडून दाखवलं, होतं तेवढं.

त्यानं पाहिलं. दचकला नाही. रागिणीला त्याचं दचकणं हवं होतं. एखादा माणूस बायकोचं असं तोंड पाहून निदान मागं तरी सरकेल. त्यानं फक्त मान दुसरीकडं वळवली, जशी आपण उघड्या नाल्यावरून जाताना वळवतो.

"सोडतो," तो म्हणाला.

एक दिवस त्यानं खरंच सोडला. दिवसभर त्याचं डोकं दुखलं, दुकानात गिऱ्हाइकांवर खेकसला. पण दुसऱ्या सकाळी रागिणीचा फेस पांढरा होता. ती नळापाशी उभी राहून रडली, आणि रडताना तिला वाटलं, फेसासाठी रडणारी बाई जगात आपण एकटीच.

संध्याकाळी तिच्या उजव्या गालात आग झाली.

तो उशिरा आला, चप्पल काढताना तिच्याकडं न बघता म्हणाला, "जमत नाई वो मले. बाबाले बी नाई जमलं." मग अगदी प्रेमानं, खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आईनं नाई काढलं काय? तू घे जरा सांभाळून."

तो असं सहज म्हणाला असेल. सासूचं उदाहरण सगळेच देतात. रागिणीनं तेही मनाला समजावलं. मन आता तिचं ऐकून घ्यायचं, फक्त उत्तर देत नव्हतं.

७

दिवाळीनंतर सुभद्राबाई गेल्या. शेवटी शेवटी चमच्यानं पाणीही आत जात नव्हतं. दवाखान्यातल्या माणसानं घरच्यांना झापलं, की बाईला तंबाखू खाऊ कशी दिली. वामनराव खाली मान घालून उभे होते. त्यांचा डावा गाल फुगलेला होता.

सुतकातच रागिणीनं ते पाहिलं. वामनराव नळावर चूळ भरत होते आणि पाणी लाल पडत होतं. त्यांनी आरशात पाहिलं, बोटानं दात घासला, परत पाहिलं. रोज पाहू लागले. रोज आरशापाशी जास्त वेळ. दुधासारख्या दातांच्या मुळाशी काळं धरू लागलं होतं, आणि ते इतक्या घाईनं चढत होतं की जणू चाळीस वर्षांची बाकी एकदम वसूल व्हावी. एका सकाळी त्यांनी आपली बोटं उभी करून तोंडात घालून पाहिली. हे त्यांना कुणी शिकवलं?

मग ते वळले. रागिणी मागं तांब्या घेऊन उभी होती. त्यांनी तिच्या तोंडाकडं पाहिलं, अंदाज घेतल्यासारखं. मान हलवली. इथं जागा नाही, असं म्हणावं तशी.

नणंद सीमा बार्शीटाकळीहून लेकीला घेऊन आली होती. लेक आर्वी, नुकती पहिलीत गेलेली. पुढचे दुधाचे दात पडून नवे आलेले, कडांना बारीक करवतीसारखे दाते असलेले, अजून कशालाही न झिजलेले. सकाळी रागिणी तिला नळापाशी स्टुलावर उभी करायची.

"हिरडीकडून खाली. हं. आता मागची दाढ."

"मामी, तुझे दात काळे काहून हायेत?"

"घासायचं राहिलं म्हणून."

"तू तं लय घासते."

"थुंक आता," रागिणी म्हणाली.

आर्वीनं थुंकलं. पांढरा, स्वच्छ, स्ट्रॉबेरीच्या वासाचा फेस. वामनराव ओट्यावर बसून बघत होते.

"दात मस्त आले वं पोट्टीले," ते म्हणाले. "आपल्या घरान्याचे."

८

तेरवीची जेवणं उरकली. विड्यांचं ताट फिरू लागलं. अंगणात आळीतले लोक, पाहुणे, पुंजाजी, सगळे होते. सुभद्राबाईंच्या फोटोला हार घातला होता. फोटो लग्नातला, तोंड मिटलेलं.

वामनरावांनी ताटातला विडा उचलला, समोरच्या दातांत धरला, अर्धा बाहेर. आणि दोन्ही हात पसरले.

"ये वं आर्वे," ते दातांतून म्हणाले. "आबाच्या तोंडातला इडा तोड पाहू."

लोक हसले. म्हाताऱ्याचा जीव रमतोय, बरंच आहे. सीमा पत्रावळी उचलत होती. "जाय ना वं, आबा बलावून राह्यले."

आर्वी निघाली.

रागिणी पाण्याच्या टाकीपाशी होती. तिनं हाक मारली, म्हणजे मारायला गेली. जबडा एका बोटापुढं उघडला नाही. "आर्..." एवढाच सुस्कारा बाहेर आला आणि भांड्यांच्या आवाजात विरला. ती पळाली असती तरी काय केलं असतं? एक विडा हिसकावला असता तर ताटात शंभर होते, आणि म्हाताऱ्याला सगळा हिवाळा पडला होता.

तिनं ताटातला विडा घेतला. दातांत धरला. तेवढा तो बरोबर मावला. आणि भर तेरवीत, सगळ्यांसमोर, ती विपुलपुढं जाऊन उभी राहिली.

"अवं माय!" कुणीतरी बाई किंचाळली. "सुनेले काय झालं?"

"सासू जाऊन तेराच दिवस झाले..."

पण पुंजाजी टाळी देत हसले. "अबे विपल्या, तोड ना! लग्नात तं मोठ्या ऐटीत धरला व्हता!" मग पोरं हसली, शिट्टी वाजली. अर्ध्या वाटेवर आर्वी थांबली आणि वळून बघू लागली. रागिणीला तेवढंच हवं होतं.

आणि मग तिनं नवऱ्याचा चेहरा पाहिला.

विपुल पांढरा पडला होता. तो एक पाऊल मागं गेला, भिंतीला टेकला. ओठ मिटले, दातांवर दात रोवले, जबड्याच्या गाठी वर आल्या. डोळे विड्यावर. वामनरावांच्या तोंडातला विडा गळून मांडीवर पडला होता आणि ते खुर्ची धरून उठत होते. "सूनबाई! इकडे फेक तो! फेक म्हन्तो!"

रागिणी तशीच उभी राहिली. या घरात पहिल्यांदाच एका पुरुषाचं तोंड उघडत नव्हतं.

"मामी, मी तोडू? मामा भिते! मी तोडू?"

आर्वी पळत आली होती. तिनं रागिणीची साडी धरली, टाचा उंच केल्या. रागिणी कधी वाकली तिला कळलं नाही. वाकली असेल, कारण करवतीच्या दात्यांसारखे ते नवे दात एकदम अगदी जवळ आले, आणि स्ट्रॉबेरीचा वास.

मान मागं घ्यायला हवी होती. रागिणीनं घेतली. पण लगेच नाही.

त्या मधल्या वेळात तिच्या कानाखाली, जबड्याच्या सांध्यात काहीतरी सैल झालं. ओल्या दोरीची गाठ सुटावी तसं.

तिनं विडा मुठीत धरला. मुलगी तोंडावर हात ठेवून हसत होती.

"थुंक!" रागिणी म्हणाली.

शब्द मोठा आला, मोकळा, अंगणाच्या पलीकडं जाईल असा. किती महिन्यांत तिचं तोंड एवढं उघडलं नव्हतं. सगळ्यांनी वळून पाहिलं.

"थुंक, बाळा. थुंक लवकर."

आर्वीनं हसत हसत मान हलवली, नाही म्हणून, आणि काहीतरी गिळलं.

थुंकीच असेल, असं रागिणीनं ठरवलं. मूठ मात्र तिनं उघडून पाहिली नाही.